सीलांचं कुरण

डब्लिनहून पत्र्याच्या डब्यात आलं ते कातडं,
वासराचं, घासून घासून सायीसारखं केलेलं.
खाली लोंबत होतं हिरव्या मेणाचं सील,
भाकरीएवढं.
झाकण मी धरलं होतं.
बाईसाहेबांनी आधी मेणाचा वास घेतला,
मग वाचलं.

डोरोथिया, बॅरोनेस क्लोनरोन.
नवऱ्याच्या मागून आलेलं नाही,
बापाच्या पेटीतून निघालेलं नाही.
तिचं.
किंमत मला ठाऊक होती, चहा ओतताना ऐकलेली:
गावातली तेरा मतं
(त्यातले दोघे तर कधीचेच पुरलेले)
आणि त्या मतांवर निवडून गेलेले दोन सभासद,
किल्ल्यातल्या साहेबांच्या खिशात.

पुढची ओळ तिनं दोनदा वाचली.
तिच्या पश्चात, तिच्या पोटच्या पुरुष वारसांना.
मिस हॅरिएट तेव्हा पायरीवर बसून
पेअर खात होती.
रस कोपरापर्यंत ओघळलेला.
तिला कुणी काही सांगितलं नाही.

उमरावांच्या सभेत बाईला जागा नव्हती.
पद होतं, खुर्ची नव्हती.
वरच्या सज्जातून बघायचं, पंखा मिटून:
खाली लाल झग्यांत पेंगणारे म्हातारे,
एक तर तोंड उघडं टाकून घोरत होता.
"त्याच्या घोरण्याचीही नोंद होते, सेरा,"
बग्गीत बसता बसता ती म्हणाली.
"हजर."

सेरा म्हणजे मी.
माझं नाव सोराखा. उजेड असा त्याचा अर्थ.
पहिल्याच दिवशी, हातमोजा काढता काढता,
तिनं ते कापून आखूड केलं.
बावीस वर्षं मी त्या तुकड्याला ओ दिली.

मग फीअक्रा सुताराला बोलावणं गेलं.
ओकची खुर्ची, थेट सभेतल्यासारखी,
पाठ उंच, हात वळवलेले.
दिवाणखान्यात नाही ठेवली.
मागच्या खोलीत, खाडीकडे तोंड करून.
तिथून ती कुळांचं ऐकायची, दंड ठोकायची.
फार दयाळू होती असं मी म्हणणार नाही.
मोठ्या गारठ्याच्या वर्षी
बटाटे जमिनीतच काळे झाले
तेव्हा तिनं पीठ वाटलं,
आणि वाटलेलं लिहूनही ठेवलं.
माझ्या भावाच्या नावापुढे तीन मापं.
पुढच्या पानावर भाऊच नव्हता.

एका संध्याकाळी, उगाचच:
"क्लोनरोन म्हणजे काय गं, तुमच्या भाषेत?"
"सीलांचं कुरण, बाईसाहेब."
ती हसली, पोट धरून, खोकला येईपर्यंत.
"मेणाचं एक सील माझ्याकडे,
बाकीची सगळी तिथे!"
ओहोटी होती. खडकांवर पाच-सहा पसरलेली,
ओली, मिशाळ, कुणाचीच कुळं नसलेली.
एकीनं मान उचलून आमच्याकडे पाहिलं
आणि पुन्हा आडवी झाली.
कातड्यावर नाव चढण्याआधी
त्या कुरणात माझ्या पणज्याची गुरं होती.
हे मी बोलले नाही.
मेणबत्तीची काजळी तेवढी झाडली.

ती गेली त्या सकाळी
घड्याळ थांबवायच्या आधी
मुलगा बॅरन झाला होता.
डबा त्यानं नेला.
हॅरिएटनं खुर्ची मागितली, गाडीवर घालून नेली,
चार दिवसांच्या रस्त्यानं, पावसात,
अंगावरची शाल तिच्यावर टाकून.

पण मला आठवतो तो आदला आठवडा.
ताप उतरला होता. उशीवरून म्हणाली,
"तुझं खरं नाव काय होतं?"
मी सांगितलं.
तिनं दोनदा म्हणून पाहिलं.
दोन्ही वेळा ते घशात अडलं,
मधल्या त्या खरखरीत अक्षरापाशी.
"सेरा," शेवटी म्हणाली,
"खिडकी उघड."

उघडली.
भरती आली होती. खडक दिसत नव्हते.